काडीच्या घरातली झाडलोट

काडी घरी आली ९ फेब्रुवारीला. मँटिसचं, म्हणजे प्रार्थनाकीटकाचं पिल्लू, चौथ्या अवस्थेतलं (तीन काती टाकून झालेलं), जेमतेम दोन सेंटिमीटर. हिरव्या काडीला कुणीतरी पाय चिकटवावेत तसं ध्यान, म्हणून नाव काडी. ज्या काकांकडून आणली ते म्हणाले, ही हायरोड्यूला आहे, मादी आहे, आठ-नऊ सेंटिमीटरची होईल, तेव्हा नाव बदलावं लागेल. नाव काही बदललं नाही.

आणण्याआधी मी भरपूर वाचलं होतं. डब्याची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, कारण मँटिस उलटा लटकून कात टाकतो आणि कातीतून खाली सरकायला त्याला जागा लागते. हवा खेळती हवी. खाणं जिवंत आणि हलणारं हवं. सगळं पाठ होतं. स्वच्छतेबद्दल मात्र जिथे तिथे एकच ओळ: उरलेलं खाणं काढून टाका. ही एक ओळ नीट पाळायला मला दहा महिने लागले. कुणी याच वाटेवर असेल तर त्याचे थोडे कमी लागावेत म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

मँटिस कसा जेवतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रातकिडा पुढच्या काटेरी पायांत जखडायचा आणि कणीस खावं तसा कुरतडत सुटायचं. मऊ भाग पोटात जातो. मागच्या तंगड्या, पंख, कधी अर्धं डोकं खाली पडतं. त्यात भर म्हणून कोरड्या, काळपट लेंड्या. एकदा पडलेलं ती पुन्हा उचलत नाही. जे हलत नाही ते तिच्या लेखी खाणंच नाही. तळाला मी ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पसरलं होतं. बाराव्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, एका तंगडीवर पांढरी लव दिसली. दुसऱ्या दिवशी त्या लवेचा पिंजलेला कापूस झाला होता आणि झाकण उघडल्यावर ओल्या फडक्यासारखा वास आला.

चिमट्याने काढून टाकलं. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण चिमटा आत घालायला झाकण उघडावं लागतं आणि झाकणाची जाळी म्हणजे काडीचं राहतं घर. ती दिवसरात्र तिथेच उलटी लटकलेली. झाकण उचललं की ती झाकणाबरोबर वर येते, बिथरते, कधी हातावर चढते, कधी थेट टेबलावर उडी. थोडक्यात, तळघर झाडायचं म्हणून दर तीन दिवसांनी मी तिचं छप्पर उचकटत होते.

मग कोकोपीट काढून टिश्यू पेपर घातला. टिश्यूला मी नावं ठेवणार नाही. अगदी लहान पिल्लांना आजही तोच घालीन. घाण लगेच दिसते, गुंडाळून फेकता येतो. पण तो ओलावा धरून ठेवत नाही, त्यामुळे फवारणी वाढली, आणि झाकण उघडायचं ते उघडायचंच.

६ मार्चला घात झाला. काडीने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. समोरून रातकिडा गेला तरी मागे सरायची. कात टाकायची वेळ आल्याची ही लक्षणं आहेत हे मला माहीत होतं. तरीही वहीत त्या दिवसापुढे ‘टिश्यू’ असं लिहिलेलं होतं म्हणून न बघता झाकण उचललं. ती कातीतून अर्धी बाहेर आली होती. धक्क्याने सुटली आणि खाली पडली.

मी काय ओरडले ते आठवत नाही, पण धाकटा भाऊ आंघोळीतून बाहेर आला एवढं आठवतंय. काकांना फोन लावला.

“तिला अजिबात हात लावू नकोस,” काका म्हणाले. “रिकाम्या कातीचं टोक आहे ना, ते चिमट्यात धर आणि जाळीला अडकव. डोकं खाली राहू दे. बाकीचं तिचं ती बघेल.”

“आणि नाही बघितलं तर?”

“मग आपण काही करू शकत नाही. अडकव आधी.”

माझा हात थरथरत होता, शेवटी भावाने अडकवलं. ती सुटली. पण डावीकडचा मधला पाय गुडघ्यातून वाकला आणि तसाच कडक झाला. पिल्लांचे चालायचे पाय पुढच्या काती टाकताना बरेचसे सुधारतात हे मला नंतर कळलं. त्या रात्री कळलं असतं तर जरा झोप लागली असती.

चार दिवसांनी काकांशी पुन्हा बोलणं झालं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “अगं, झाडू तुझ्या हातात आहे तेच चुकतंय. खाली कामाला कुणीतरी ठेव.”

कामाला कोण ठेवता येतं याची चौकशी सुरू केली तेव्हा नावं बरीच आली. हे सगळे मेलेलं, कुजलेलं, बुरसटलेलं खाऊन जगणारे जीव. सर्वांत जास्त ऐकू आलं ते स्प्रिंगटेलचं नाव. एक-दोन मिलिमीटरचे, पोटाखाली दुमडलेली शेपटीसारखी स्प्रिंग, ती जमिनीवर आपटून उडी मारणारे. बुरशी हा त्यांचा आवडता घास. मग आयसोपॉड, म्हणजे दगड उचलला की सैरावैरा पळणारे चौदा पायांचे राखाडी जीव. गंमत म्हणजे या दोघांपैकी कुणीच कीटक नाही. स्प्रिंगटेलला सहा पाय आहेत आणि पूर्वी त्याला कीटकांतच धरत, पण त्याचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असल्यामुळे आता त्याला वेगळं काढतात. आयसोपॉड तर खेकड्या-कोळंबीच्या नात्यातले.

खरे कीटक म्हणावेत असे उमेदवार म्हणजे डर्मेस्टिड भुंगे. संग्रहालयांत प्राण्यांचे सांगाडे साफ करायला हेच वापरतात, हाडावर मांसाचा कण ठेवत नाहीत. ऐकून मी खूश झाले होते. पण त्यांना कोरडं लागतं आणि आपला डबा दमट. त्यांच्या अळ्या कोषात जाण्याआधी लाकडात, फोममध्ये, मिळेल त्यात भोक पाडून शिरतात. शिवाय याच कुळातले काही भुंगे मँटिसच्या अंड्यांच्या कोशातच वाढतात आणि आतली अंडी फस्त करतात. ज्याच्या भाऊबंदांची ही ख्याती, त्याला काडीच्या घरात कसा घेणार? नाव खोडलं.

इथवर शहाणपणा केला आणि मग माती खाल्ली. रातकिड्यांच्या डब्यात काही बारीक काळे भुंगे आपोआप आलेले होते. जनावरांच्या खाद्यात सापडणारे, साधारण सहा मिलिमीटरचे, मेलेले रातकिडे खाणारे. फुकट ते पौष्टिक या न्यायाने १२ मार्चला त्यातले सहा काडीच्या डब्यात सोडले. दोन दिवस काम छान चाललं. तिसऱ्या रात्री टॉर्च मारला तर एक भुंगा फांदीवरून चढत जाळीच्या दिशेने निघालेला. हे भुंगे मेलेलंच खातात असं नाही, भूक-तहान लागली की मऊ, न हलणारं जे सापडेल ते कुरतडतात. आणि मऊ, न हलणारं म्हणजे कात टाकणारा मँटिस. सहापैकी पाच त्याच रात्री सापडले. सहाव्याने आणखी दोन रात्री घेतल्या. तो शेवटी टिश्यूच्या घडीत निघाला. फांदीवर चढू शकतो आणि ज्याचे जबडे चावण्याएवढे आहेत तो कामगार नको, हा नियम मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

२० मार्चला स्प्रिंगटेलची मागणी नोंदवली. विकणाऱ्याने कळवलं की ऊन फार आहे, पार्सल वाटेत तापलं तर सगळे मरतील, दोन दिवस गार मिळाले की पाठवतो. नऊ दिवस गेले. २९ तारखेला डबा आला. आतल्या मालापेक्षा कुरिअरचं भाडं जास्त पडलं. हातभर डब्यात कोळशाचे तुकडे, तळाला बोटाच्या पेराएवढं पाणी आणि दुसरं काही नाही. “ताई, तू पैसे देऊन कोळसा मागवलास?” भावाने विचारलं. मलाही तेच वाटत होतं. भिंग घेऊन खिडकीशी बसले. पाचेक मिनिटांनी एका कोळशाच्या खोबणीत पांढरा स्वल्पविराम हलला. मग दुसरा. मग नजर बसली आणि दिसलं की कोळसाभर तेच आहेत.

ही जात फॉल्सोमिया कँडिडा. पांढरी, डोळे नसलेली, आणि सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात, त्यामुळे जोडी जमवायची भानगड नाही. मातीत विषारी द्रव्य किती आहे याच्या चाचण्यांसाठी प्रयोगशाळा हिलाही वापरतात, कारण विषाचा परिणाम तिच्यावर चटकन दिसतो. हे वाचल्यावर मी कोपऱ्यावरच्या बागेतून पाला आणायचा बेत रद्द केला. तिथे फवारणी होते. ज्या झाडाला कुणी औषध मारत नाही याची खात्री आहे त्याच झाडाचा वाळलेला पाला घ्या. यात कंटाळा करू नका.

नवीन आलेल्यांना तीन आठवडे वेगळं ठेवलं. हेतू हा की त्यांच्याबरोबर कोळीकीड किंवा बारीक माश्या आल्या असतील तर त्या मुख्य डब्याबाहेरच उघड्या पडाव्यात. आठवड्यातून दोनदा झाकण उघडून वहीने वारा घालायचा, चिमूटभर यीस्ट टाकायचं, बस. मी पहिल्याच आठवड्यात प्रेमापोटी चिमटीऐवजी अर्धा चमचा टाकलं. त्याच्यावर हिरवी बुरशी चढली. चमच्याने वरवरचा थर काढला, उरलेला त्यांनीच चार-पाच दिवसांत खाल्ला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे काम करतात बरं का.

या तीन आठवड्यांत नवा डबा घेतला. सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च हाच. आधीच्यापेक्षा उंच, वर जाळी, आणि मुख्य म्हणजे समोरून उघडणारं दार. खरं सांगायचं तर माझा निम्मा प्रश्न या दाराने सुटला. काडी वर जाळीला लटकलेली असते, मी खाली दार उघडते, दोघींचा एकमेकींशी संबंध येत नाही. स्प्रिंगटेलचं कौतुक मी पुढे करणारच आहे, पण तुमच्याकडे एकाच गोष्टीचे पैसे असतील तर आधी दाराचा डबा घ्या.

२० एप्रिलला मांडणी केली. तीन भाग कोकोपीट, एक भाग ठेचलेला लोणारी कोळसा, एकूण पाच सेंटिमीटरचा थर. पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं. माती मुठीत दाबली तर एखादा थेंब सुटावा एवढीच ओली. वर दहा मिनिटं उकळून निथळलेला पाला, एक सालीचा तुकडा, दोन फांद्या. मग स्प्रिंगटेल सोडायचे. हे काम मला फार आवडलं. कोळशाच्या डब्यात आणखी पाणी ओतायचं. स्प्रिंगटेलचं अंग पाण्याने भिजत नाही, त्यामुळे ते सगळे वर येऊन तरंगतात, पाण्यावर पीठ भुरभुरल्यासारखे. भिंगातून पाहिलं तर एकेक जण पाण्याच्या पापुद्र्यावर चालतोय, मध्येच कुणी उडी मारतोय, आणि पापुद्रा फाटत नाही. ते वरचं पाणी अलगद नव्या मातीवर ओतायचं. मी निम्मेच ओतले. निम्मे कोळशात ठेवले. हा निर्णय पुढे कामी आला.

काडीला मात्र लगेच आत सोडलं नाही. २४ एप्रिलला तिने जुन्या डब्यात कात टाकली, ती मोकळ्या मनाने टाकू दिली. नव्या डब्यात पंधरा दिवस फक्त कामगार. परीक्षा म्हणून रातकिड्याची एक तंगडी पाल्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी लव आली. पाचव्या दिवशी वाढली आणि मी चिमटा हातात घेऊन दाराशी बसले, पण काकांनी बजावलं होतं, हात घालायचा नाही. नवव्या दिवशी लव नव्हती.

५ मेला काडी नव्या घरात गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात फांदीवर, सालीवर, पाल्यावर, जिथे बघावं तिथे पांढरी बुरशी. नव्या ओल्या लाकडावर असं येतंच, पण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी फांदी दोनदा धुतली नसती. कामगार थोडे असतात आणि खाणं एकदम खूप होतं, त्यामुळे त्यांची संख्या वाढेपर्यंत बुरशी पुढे असते. मग एका टप्प्यावर उलटतं. माझ्याकडे ते २३-२४ मेच्या सुमारास उलटलं. त्या रात्री टॉर्चवर लाल पारदर्शक कागद गुंडाळून, भिंग लावून मी तासभर एकच तंगडी पाहत होते. लवेच्या कडेने आठ-दहा पांढरे ठिपके तोंड खाली घालून उभे. हलतायत असंही वाटत नाही. दहा मिनिटांनी बघावं तर लवेची कड मागे सरकलेली. पहाटे उठून पाहिलं, तंगडी पॉलिश केल्यासारखी तपकिरी, चकचकीत. २७ मेला काडीने पुढची कात टाकली. वाकडा पाय आता थोडासाच वाकडा होता.

जूनच्या सुरुवातीला मी आठ दिवस घरी नव्हते. भावाने काडीला नीट खाऊ घातलं, रोज फवारलंही. पण फवारलं ते काचेवर. काडी थेंब प्यायची, काच वाळायची, मातीपर्यंत काही पोचायचंच नाही. मी परत आले तेव्हा वरची माती भुसभुशीत कोरडी आणि फुंकर मारली तरी काही उडेना. स्प्रिंगटेलच्या अंगातला ओलावा फार चटकन उडून जातो. दोन-चार दिवस पुरतात.

“मी रोज पाणी मारलं, ताई, शपथ,” तो रडवेला झाला. चूक माझी होती. कुठे मारायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

कोळशातले उरलेले निम्मे इथे कामाला आले. पुन्हा तरंगवले, पुन्हा ओतले. तेव्हापासून पाणी फवारून देत नाही. बिनसुईच्या सिरिंजने मागच्या डाव्या कोपऱ्यात मातीच्या तळाशी सोडते, आठवड्यातून एकदा. तो कोपरा कायम ओला, मधला भाग दमट, दाराजवळचा कोपरा कोरडा. ज्याला जिथे राहायचं तिथे तो सरकतो, आणि वर काडीची हवा कोंदट होत नाही. मँटिसला दमटपणा हवा असतो पण साचलेली, दमकोंडी करणारी हवा नको असते. सगळी माती चिंब करून ठेवली की कामगार खूश आणि मालकीण आजारी.

११ जूनला आयसोपॉड आले. स्प्रिंगटेल बुरशी संपवतात, पण लेंड्या आणि पाला फोडायला थोडं मोठं तोंड लागतं. मोठ्या जातीचे आयसोपॉड मी मुद्दाम टाळले. ते फांद्यांवर चढतात आणि भुंग्यांचा धडा ताजा होता. मी घेतले ते ट्रायकोरायना टोमेंटोसा, जेमतेम चार मिलिमीटरचे, पांढरे, बहुतेक वेळ मातीतच पुरलेले. यांच्याही माद्या नराशिवाय वाढतात, आणि पिल्लं पोटाखालच्या पिशवीत सांभाळतात. दोन आठवडे वेगळे ठेवून २६ जूनला पंधरा सोडले, सोबत अंड्याच्या टरफलाची पूड, कारण कवचासाठी त्यांना कॅल्शियम लागतं. सोडल्यापासून दोन मिनिटांत सगळे मातीत गडप. त्यानंतर बारा दिवस एकही दिसला नाही. कुणी विचारलं तर मी ‘पंधरा आहेत’ असं सांगायचे, आतून वाटायचं एकही नसणार.

काडीची शेवटची कात ८ जुलैच्या रात्री. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या होत्या, पाच दिवस उपास. मी डब्यापासून हातभर दूर, दिवा बंद. पावणेअकराला छातीच्या पाठीवर चीर पडली. आधी पाठ बाहेर, मग डोकं, मग ते लांबच लांब पाय मोज्यातून काढावेत तसे एकेक. पोटाचं टोक कातीत अडकवून ती काही वेळ नुसती लोंबकळत राहिली, मग वाकून जाळी पकडली. हे साधारण पंचवीस मिनिटांत झालं. चुरगळलेले पंख हळूहळू उलगडत ताठ व्हायला आणखी तासावर गेला. आणि या सगळ्या सोहळ्यात मी वर कमी आणि खालीच जास्त बघत होते. पाला हलतोय का, फांदीवर कुणी चढतंय का. एकदाच पाल्याच्या कडेला एक पांढरा आयसोपॉड डोकावला, लाल उजेडात मिशा हलवल्या आणि उलटपावली मातीत गेला. म्हणजे एक तरी होता!

तिसऱ्या दिवशी कात खाली पडली. मी मुद्दाम राहू दिली. आठवड्याभरात ती चपटी झाली, पातळ भाग जाळीदार झाले. पुढच्या पायांच्या काट्यांची टोकं मात्र सप्टेंबरपर्यंत मातीवर होती, ती कुणालाच चावता आली नाहीत. काडीचा तो पाय आता सरळ आहे. दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड, पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

कामगार काय करत नाहीत तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझ्यासारखे फसाल. अर्धा खाल्लेला मोठा रातकिडा ते वेळेत संपवू शकत नाहीत. तो आतून सडतो, वास येतो, माश्या येतात. तो मी आजही चिमट्याने काढते. जिवंत उरलेला रातकिडा तर रात्रभर ठेवायचाच नाही, तो कात टाकणाऱ्या मँटिसला चावतो आणि जाता जाता कामगारही खातो. काचेवरचे डाग पुसायला कुणी येत नाही. ते ओल्या कापडाने, साबणाशिवाय. आणि लेंड्या खाल्ल्या म्हणजे नाहीशा झाल्या असं नसतं, त्यांच्या बारीक लेंड्या होतात. माती कधीतरी भरते. मी ऑक्टोबरमध्ये निम्मी माती काढून नवी घातली. काढलेली माती दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाकली, बाहेरच्या जाती बागेत जाऊ नयेत म्हणून. फ्रीझरमधल्या त्या पिशवीवरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

ऑगस्टमध्ये एक घाबरगुंडी झाली. पाल्यावर पांढरे ठिपके दिसले, पण नेहमीपेक्षा गोलसर. काकांना फोटो पाठवला. “फोटोत काय कळणार? फुंकर मार,” म्हणाले. फुंकर मारली की स्प्रिंगटेल उडतात किंवा धावतात. कोळीकीड तिथेच संथपणे फिरत राहते. माझे ठिपके फिरत राहिले. एका पडलेल्या रातकिड्याखाली त्यांचा तळ होता. तो रातकिडा, त्याखालची चमचाभर माती काढली, आठवडाभर पाणी कमी केलं, बाकी काही केलं नाही. दोन आठवड्यांत ओसरले. पाला उचलून बघताना मात्र खाली आयसोपॉडची पिल्लं दिसली, तांदळाच्या कणीहूनही बारीक. पंधराचे किती झाले ते मोजायचा प्रयत्न चाळिसाच्या पुढे सोडून दिला.

ऑगस्टच्या शेवटी काडीने फांदीला फेसाळ अंड्यांचा कोश चिकटवला. नर नव्हताच, त्यामुळे त्यातून काही निघणार नव्हतं, तरी महिनाभर मी तो तसाच ठेवला. स्प्रिंगटेल त्याच्यावरून हिंडले, केलं काही नाही. डर्मेस्टिड न आणल्याचं समाधान मी तेव्हा एकटीनेच साजरं केलं.

आता डिसेंबर आहे. काडी म्हातारी झालीय. पंखांच्या कडा झिजल्यात, नेम चुकतो, कधी कधी रातकिडा मला चिमट्यात धरून तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. दार आठवड्यातून दोनदाच उघडतं. गेल्या आठवड्यात काकांनी नवीन पिल्लू दिलं, पुन्हा चौथ्या अवस्थेतलं, पुन्हा काडीच. त्याच्यासाठी दुसरा डबा मांडला. या वेळी काही मागवलं नाही. आज सकाळी काडीच्या डब्यातली, मागच्या डाव्या कोपऱ्यातली ओंजळभर माती नव्या मातीवर पसरली, वर पाला घातला आणि वाकून फुंकर मारली. उडाले.